प्रिया स्कूटर, कोयनेचं पाणी आणि पॅनेलचा नकाशा

आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक प्रिया स्कूटर उभी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, नंबर लावून घेतलेली. आता ती सुरू होत नाही, पण भंगारात द्यायचा विषय काढला की काकू अजूनही रागावतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, गाडी एका अंगावर कलती करायची, परत सरळ करायची आणि मग किक मारायची, हा सकाळचा सोहळा मी लहानपणी रोज पाहिला आहे.

ती गाडी साताऱ्यातच बनली. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली. तिचे दोन प्रवर्तक होते. एक बजाज ऑटो आणि दुसरं राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४ टक्के, उरलेले शेअर लोकांकडे. बजाजने स्कूटर बनवण्याची विद्या इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर, व्हेस्पा बनवता बनवता मिळवलेली. तो परवाना १९७१ साली संपला. म्हणजे आमच्या पडवीतल्या एका गाडीत सरकारचा पैसा, खासगी कंपनीचं कसब आणि परदेशी आराखड्याचं मूळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. ‘सार्वजनिक उपक्रम आणि आंतरराष्ट्रीय औद्योगिक सहकार्य’ असं जड नाव ज्या विषयाला आहे, तो एवढाच आहे. फक्त स्कूटरच्या जागी पोलाद, वीज, औषधं, तेल आणि लिथियम ठेवायचं.

आधी शब्द मोकळे करून घेऊ. ज्या कंपनीत सरकारचे निदान ५१ टक्के शेअर असतात, तिला आपल्या कायद्यात सरकारी कंपनी म्हणतात. सरकार आणि खासगी उद्योजक मिळून काढतात तो संयुक्त क्षेत्रातला उद्योग, जसा साताऱ्याचा. परदेशी कंपनी नुसता आराखडा आणि सल्ला देऊन त्याबद्दल रॉयल्टी घेते, तेव्हा तो तंत्रज्ञान करार. तीच कंपनी भांडवल घालून मालकीत वाटा घेते, तेव्हा ती भागीदारी. आणि सगळा कारखाना उभा करून नुसती किल्ली हातात ठेवते, त्याला टर्नकी म्हणतात. हा शेवटचा प्रकार वरून सगळ्यात सोपा दिसतो आणि बहुतेक वेळा तोच महागात पडतो.

का ते सांगायला मला आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेकडे यावं लागेल.

कृष्णाकाठच्या अनेक गावांसारखी आमच्याकडेही उपसा जलसिंचनाची संस्था आहे. नदीवर जॅकवेल, म्हणजे पंप बसवायची विहीर, तिथून चढणीवर पाइपलाइन, वर माळावर ऊस. सुरुवातीला सभासदांनी शेअर भरले, बँकेचं कर्ज काढलं, आणि पंप, मोटार, पॅनेल सगळं एकाच ठेकेदाराकडून जोडून घेतलं. उद्घाटनाला नारळ फुटला, पाणी वर आलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या एप्रिलमध्ये पॅनेल जळालं. आमचे ऑपरेटर तात्या हुशार माणूस, पण त्यांच्याकडे वायरिंगचा नकाशाच नव्हता. कुठली तार कुठल्या रिलेला जाते हे फक्त ठेकेदाराच्या माणसाला माहीत, आणि तो नवव्या दिवशी आला. तोवर वरच्या अंगाच्या उसाची पानं वळून काडीसारखी झाली होती. नुसता नकाशा हातात असता तर तात्यांनी दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं असतं.

पंप आमचा, कर्ज आमचं, पाणीसुद्धा आमचं. नकाशा तेवढा दुसऱ्याचा.

विकसनशील देश परदेशी कंपनीशी किंवा परदेशी सरकारशी करार करतो तेव्हा खरा प्रश्न हाच असतो. यंत्र किती टनांचं आहे, व्याज किती टक्के आहे, हे वर्तमानपत्रात येतं. नकाशा कोणाकडे राहणार, हे करारपत्राच्या आतल्या पानांत असतं आणि देशाची पुढची पन्नास वर्षं त्या पानांवर ठरतात.

सरकारने उद्योगात पडावंच कशाला, असं हल्ली बरेच जण विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण १९५० च्या आसपासचा भारत डोळ्यांसमोर आणावा लागतो. पोलादाचा मोठा कारखाना म्हणजे शेकडो कोटी रुपये, नफा दिसायला दहा-पंधरा वर्षं, आणि यंत्रं आणायला लागणारं परकीय चलन तिजोरीत जेमतेम. एवढी मोठी उडी मारायची ऐपत तेव्हा टाटांसारखी एक-दोन घराणी सोडली तर कोणाकडे नव्हती. परदेशी सरकारंही कर्ज द्यायची ती सरकारलाच, कारण बुडणार नाही अशी हमी फक्त सरकारच देऊ शकत होतं. आपल्या भागात तर ही गोष्ट त्याहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना मांडला, तेव्हा जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये औंधच्या राजाने दिले होते. कारखाना खासगी, पण पहिला धोका पत्करणारा हात राज्यसत्तेचा होता.

पन्नासच्या दशकात भारताने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. एकाच देशावर अवलंबून राहिला नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या. तिघांची सुरुवातीची क्षमता प्रत्येकी दहा लाख टनांची. भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा आणि तिथली पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणारी भट्टी, पेटली १९५९ च्या फेब्रुवारीत. शीतयुद्ध चालू होतं, प्रत्येक गटाला आपला कारखाना दुसऱ्यापेक्षा सरस दाखवायचा होता, आणि त्या चढाओढीत आपल्याला सौदा करायला जागा मिळाली. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचं होतं आणि मुख्य म्हणजे ते रुपयांत फेडायचं होतं. त्या रुपयांतून रशिया आपल्याकडून माल घेणार. ज्याच्याकडे डॉलर नाहीत त्याच्यासाठी ही अट म्हणजे निम्मं ओझं उतरल्यासारखं होतं. राउरकेल्याला जर्मन तंत्र अव्वल होतं, पोलाद बनवण्याची एलडी ही त्या काळची अगदी नवी पद्धत तिथे आली. पण काम अनेक कंपन्यांत वाटलं गेल्याने एकाचं दुसऱ्याशी जुळेना, आणि ती नवी यंत्रं चालवायला तयार माणसं पुरेशी नव्हती. सुरुवातीची काही वर्षं तो कारखाना अडखळत चालला.

बोकारोची कथा मला सगळ्यात बोलकी वाटते. हा कारखाना आधी अमेरिकेच्या मदतीने होणार होता. सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसा का द्यायचा, यावरून तिथल्या संसदेत, अमेरिकन काँग्रेसमध्ये, विरोध झाला आणि १९६३ साली नेहरूंनी ती मागणी मागे घेतली. मग पुन्हा सोव्हिएत संघ पुढे आला. पण तोपर्यंत एम. एन. दस्तूर यांच्या भारतीय सल्लागार कंपनीने बोकारोचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केलेला होता. आपल्या इंजिनिअरांनी आपल्या हाताने काढलेला नकाशा! रशियाने आराखडा स्वतःचाच धरला. खर्च कसा वाचवता येईल हे दस्तूर सांगत राहिले, त्यातलं थोडंच ऐकलं गेलं. मित्र कितीही चांगला असला तरी नकाशाच्या बाबतीत तो आपलाच विचार करतो, हे बोकारोवरून कळतं. त्यात रशियाला शिव्या देण्यासारखं काही नाही. आपण जोर लावायला हवा होता.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या जवळच पिंपरीला आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ ची, पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन निघू लागलं. यंत्रसामग्री युनिसेफकडून आणि तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेकडून. नफ्यासाठी आलेला कोणी भागीदार नसल्याने ज्ञान झाकून ठेवायचं कारणच नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध स्वतः शोधून काढलं. ही कंपनी नंतर आजारी पडली, तिचे पगार थकले, त्याची कारणं वेगळी आहेत आणि दुःखदही आहेत. पण शिकलेला हात नवीन काही करतो, याचा तो ठसठशीत पुरावा आहे.

आता दोन देश शेजारी शेजारी ठेवून पाहू.

दक्षिण कोरियाला साठच्या दशकात पोलाद कारखाना हवा होता. जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून सांगितलं. तेव्हा कोरियाने जपानकडून १९६५ च्या करारानुसार मिळालेल्या भरपाईतला पैसा त्यात घातला. जपानी राजवटीच्या छळाच्या बदल्यात आलेला तो पैसा होता. १९६८ साली पोस्को ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे प्रमुख पार्क ते-जून कामगारांना म्हणत, हा आपल्या पूर्वजांच्या रक्ताचा पैसा आहे, कारखाना उभा राहिला नाही तर उजवीकडे वळू आणि समोरच्या समुद्रात उडी घेऊ. तंत्र जपानी होतं, पण करारानुसार कोरियन इंजिनिअर आणि कामगार तुकड्या-तुकड्यांनी जपानच्या कारखान्यांत जाऊन शिकून आले. १९७३ साली पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्या प्रत्येक टप्प्यात आराखड्यातलं कोरियन काम वाढत गेलं आणि जपानी सल्ला कमी होत गेला. २००० साली सरकारने आपला वाटा विकून टाकला, तेव्हा पोस्को जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांपैकी एक होती.

नायजेरियानेही असंच स्वप्न पाहिलं. नायजर नदीच्या काठी अजाओकुटा इथे सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना बांधायचा. १९७९ साली कंपनी झाली. बांधकाम जवळजवळ पूर्ण झालं, भट्ट्या उभ्या राहिल्या, कामगारांची वसाहतही झाली. पण लोहखनिज आणणारी रेल्वे कित्येक दशकं अपुरी राहिली, सोव्हिएत संघ विरघळला, सरकारं बदलली. त्या झोतभट्टीतून आजवर लोखंड निघालेलं नाही. मध्ये २००४ साली कारखाना एका खासगी परदेशी कंपनीकडे दिला, २००८ साली तो करार रद्द केला, आणि त्या वादातून सुटायला २०२२ मध्ये नायजेरियाने ४९.६ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. पोलाद शून्य, आणि वर ही भरपाई.

दोन्हीकडे सरकारी मालकी होती, परदेशी तंत्र होतं, मोठी रक्कम ओतलेली होती. म्हणून ‘सरकारी म्हणजे बुडीत’ हे वाक्य मला पटत नाही आणि ‘सरकारी म्हणजे लोकांचं’ हेही आंधळेपणाने पटत नाही. कोरियात माणसं आधी घडली, तिथली भट्टी त्या माणसांच्या हाताने पेटली. नायजेरियात भट्टी बांधून झाली आणि कच्चा माल, रेल्वे, वीज, माणसं या साखळीतल्या कड्या एकमेकींना जोडल्याच गेल्या नाहीत.

कोयनेकडे यायला हवं, कारण साताऱ्यात बसून हा विषय लिहिताना ती टाळता येत नाही. शिवसागर या धरणाच्या जलाशयाचं १०५ टीएमसी पाणी, चार टप्पे, एकूण सुमारे १,९६० मेगावॅट. धरण आणि वीजगृहं राज्याच्या जलसंपदा विभागाची, वीज बनवते महानिर्मिती ही राज्याची कंपनी. सुरुवातीच्या टप्प्यांसाठी जागतिक बँकेने कर्ज दिलं. पण मला सांगायचं आहे ते चौथ्या टप्प्याबद्दल. एक हजार मेगावॅटचं जमिनीखालचं वीजगृह बांधलं आणि त्याला पाणी तलावाच्या तळाकडून घ्यायचं होतं. तलाव रिकामा करायचा नाही. मग आत शिरायचं कसं? नॉर्वे या फ्योर्डकाठच्या, म्हणजे समुद्राच्या खोल अरुंद खाड्यांच्या, देशात यासाठी एक तंत्र विकसित झालेलं आहे, त्याला लेक टॅपिंग म्हणतात.

बोगदा खालून, कोरड्यातून, तलावाच्या दिशेने खणत जायचं. तलावाचा तळ अगदी जवळ आला की थांबायचं. मध्ये फक्त काही मीटर जाडीचं खडकाचं बूच राहतं. त्या बुचात सुरुंगाची भोकं पाडायची, प्रत्येकातून झिरपणारं पाणी सांभाळायचं, आणि बुचाच्या खाली बोगद्यात एक मोठा खड्डा ठेवायचा. एका क्षणी स्फोट होतो, बूच फुटतं, वरचं पाणी धडाडत खाली येतं आणि फुटलेला दगड त्या खड्ड्यात पडतो, म्हणजे तो पुढे टर्बाइनपर्यंत जात नाही. दुसरी संधी नसते. अर्धवट फुटलं तर वर पूर्ण तलाव आणि खाली अर्धा उघडा बोगदा. १९९९ साली कोयनेत हे पहिल्यांदा केलं ते नॉर्वेच्या अनुभवाच्या आधाराने. २०१२ साली, आणखी खालच्या पातळीचं पाणी मिळावं म्हणून, ते पुन्हा केलं, तेव्हा आपल्या इंजिनिअरांच्या गाठीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि स्वतःच्या हातांनी केलेलं एक लेक टॅपिंग होतं. सहकार्य म्हणतात ते मला इथे दिसतं.

पण कोयनेचं नाव घेताना पाण्याखाली गेलेली गावं आठवली नाहीत तर ते खोटं होईल. वीज मुंबईला पोचली, कारखान्यांना पोचली. धरणग्रस्तांच्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन मात्र त्यांच्या नातवंडांच्या हयातीतही भांडणाचा विषय आहे. परदेशी बँकेच्या कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर दिल्लीपर्यंत फोन जातात. पाटणच्या डोंगरातल्या माणसाला मिळायचा भरपाईचा हप्ता चुकला तर तो मोर्चा काढतो. कोणत्याही प्रकल्पाचा हिशेब मांडताना मी ही रक्कम खर्चाच्या बाजूला धरतो, मग तो प्रकल्प कोणाच्याही मालकीचा असो.

मालकीवरून पुन्हा स्कूटरकडे. सरकारने भागीदारीत शिरायचं तर बाहेर कसं पडायचं हेही आधी ठरवावं लागतं. मारुती उद्योग ही १९८१ सालची सरकारी कंपनी. १९८२ मध्ये सुझुकी २६ टक्क्यांची भागीदार झाली, १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी ग्राहकाच्या हातात पडली. सुट्या भागांचे उद्योग इथेच उभे करत जायचे ही अट मुळापासून होती आणि त्या अटीतूनच आपल्याकडचा वाहनउद्योग घडला, असं माझं मत आहे. २००२ मध्ये सुझुकीकडे नियंत्रण गेलं तेव्हा सरकारने त्या नियंत्रणाचे वेगळे १,००० कोटी रुपये घेतले, आणि २००७ पर्यंत उरलेला वाटाही विकला. साताऱ्यात मात्र महामंडळाचा २७ टक्के वाटा बजाजने कोणत्या भावाने घ्यायचा यावर वाद झाला. लवादाने २००६ साली शेअरला १५१.६३ रुपये भाव ठरवला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१९ मध्ये ते शेअर बजाज समूहाकडे गेले. तोवर स्कूटरचं उत्पादन कधीच थांबलेलं होतं. बाहेर पडायचा भाव कसा ठरेल, हे आत शिरतानाच पक्कं लिहिलं असतं तर तेरा वर्षं वाचली असती.

आता चित्र फिरलं आहे. आज आपणही देणारे आहोत. एक्झिम बँक ही सरकारी बँक आफ्रिका आणि आशियातल्या देशांना सवलतीचं कर्ज देते, ज्याला लाइन ऑफ क्रेडिट म्हणतात. त्याची एक अट अशी की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. अशाच एका २.७ कोटी डॉलरच्या कर्जातून सेनेगलमध्ये भातशेतीसाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे सिंचनाचे पंप गेले, आणि तिथलं भाताचं उत्पादन वाढलं. किर्लोस्करवाडीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हे वाचून आनंद होतोच, मलाही झाला. शिवाय २०१९ साली खनिजक्षेत्रातल्या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून काबिल ही कंपनी काढली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतातल्या सरकारी कंपनीशी लिथियमच्या पाच क्षेत्रांचा करार केला. इथे तर दोन्ही बाजूंना सरकारी कंपन्या आहेत.

ज्या नजरेने आपण बोकारोच्या कराराकडे पाहतो, त्याच नजरेने या करारांकडेही पाहायला हवं. ७५ टक्के माल आपलाच घ्या ही अट आपल्या कारखान्यांना काम देते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सेनेगल नदीच्या काठी एखाद्या पंपाचं बेअरिंग गेलं, तर ते तिथल्या माणसाला बदलता येतं का? इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, त्यांच्या राजधानीत डकारमध्ये मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो? काटामार्कात फक्त खारं पाणी उपसून लिथियम बाहेर जाईल, की तिथली पोरं त्याची रसायनविद्याही शिकतील? हे प्रश्न तिथल्या लोकांनी विचारले तर ते आपल्या विरोधात जात आहेत असं मला वाटत नाही. तेच प्रश्न आपण भिलाईला आणि बोकारोला विचारत होतो.

आमच्या संस्थेने दुसऱ्या टप्प्याचा पंप घेतला तेव्हा तात्यांनी सभेत उभं राहून दोनच मागण्या केल्या. वायरिंगचा पूर्ण नकाशा, आणि दोन पोरांना पंधरा दिवस कारखान्यात ठेवून घेणं. ठेकेदार कुरकुरला, भाव थोडा वाढवून मागितला, सभासदांनी तो दिला. तो नकाशा आता लॅमिनेट करून जॅकवेलवरच्या खोलीत पॅनेलच्या शेजारी खिळ्याला टांगलेला आहे. कडेला पेन्सिलीने तात्यांच्या अक्षरात दुरुस्त्या आहेत. दोन जागी मूळ नकाशाच चुकला होता.